कारगिलला फक्त मुक्काम करताय? ही दोन छोटी संग्रहालयं चुकवू नका

श्रीनगरहून लेहला गाडीने जाणारे बरेच जण कारगिलला रात्री पोहोचतात, झोपतात आणि सकाळी निघतात. वाटेत द्रासचं युद्धस्मारक बघितलं की कारगिल ‘झालं’, असं आपण समजतो. पण १९९९च्या आधीचं कारगिल कसं होतं? ते कळतं इथल्या दोन छोट्या संग्रहालयांत.

बंद सराईतला खजिना

श्रीनगर, लेह, झंस्कार आणि स्कर्दूकडचे रस्ते कारगिलला एकत्र यायचे. त्यामुळे मध्य आशियात ये-जा करणारे व्यापारी इथे थांबत. त्यांच्यासाठी मुन्शी अझीझ भट यांनी १९२०मध्ये सराई बांधली. फाळणी आणि १९४७-४८च्या युद्धानंतर स्कर्दूचा रस्ता तुटला, व्यापार संपला आणि सराईला कुलूप लागलं. अनेक दशकांनी कुटुंबाने ती उघडली, तेव्हा आत खोगीर, गालिचे, भांडी, कपडे, पत्रं असं बरंच काही सापडलं. त्यातूनच २००४मध्ये मुन्शी अझीझ भट संग्रहालय सुरू झालं. आजही ते हेच कुटुंब सांभाळतं.

सीमेने तोडलेलं गाव

कारगिलपासून साधारण १० किलोमीटरवर, नियंत्रण रेषेजवळ हुंदरमान आहे. १९७१च्या युद्धात हे गाव भारताकडे आलं. गावकरी जागचे हलले नाहीत, पण देश बदलला आणि काहींचे सख्खे नातेवाईक पलीकडे राहिले. डोंगराला बिलगलेली जुनी दगडी वस्ती आता रिकामी आहे. तिथल्याच एका घरात संग्रहालय आहे. रोजच्या वापरातल्या वस्तूंसोबत पलीकडून आलेली पत्रंही तिथे ठेवली आहेत. काही किलोमीटरवरच्या माणसाची खुशाली फक्त कागदावर कळायची, हे ती बघताना लक्षात येतं.

जाताना काय लक्षात ठेवाल?

• वेळ आधी विचारून घ्या. सांभाळणारी माणसं स्थानिक आहेत, दार कधीकधी बंद असू शकतं.
• हुंदरमानला जाताना मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. रस्ता सुरू आहे का, हे कारगिलमध्येच विचारा.
• तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. नेटवर्कचा भरवसा नाही.
• फोटो काढण्याआधी विचारा. ती पत्रं कुणाच्या तरी घरची आहेत.
• घाई करू नका. वस्तूंवरच्या पाट्यांपेक्षा दाखवणाऱ्या माणसाकडे जास्त माहिती असते.

ही संग्रहालयं तिथल्या लोकांनीच जपली आहेत. बघायला कुणी आलंच नाही, तर ती किती दिवस जपणार? त्यामुळे पुढच्या लडाख ट्रिपमध्ये कारगिलसाठी अर्धा दिवस जास्त ठेवा.