मीटर प्रीपेडचा, व्यवहार उधारीचा

नाशिकच्या सिडकोत जिन्याखालचा मीटरबोर्ड म्हणजे अंधार, जळमटं आणि कोणाचा मीटर कोणता याचं कोडं. मीटर बदलायला आलेला मुलगा आधी मोबाइलचा टॉर्च लावतो, बिलावरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक पडताळतो आणि जुन्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढतो. मग पुरवठा बंद. टर्मिनलचं झाकण उघडलं की चार टोकं दिसतात: फेज आत, फेज बाहेर, न्यूट्रल आत, न्यूट्रल बाहेर. काळवंडलेली टोकं तो खरवडतो, नव्या मीटरमध्ये सारतो आणि स्क्रू पुन्हा पुन्हा कसतो. इथे एक स्क्रू सैल राहिला तर पुढे टर्मिनल जळतं; सगळ्या कामात खरी कसोटी एवढीच. मग सील, सीलचा नंबर, बारकोड. पुरवठा सुरू होतो, लाल दिवा लुकलुकू लागतो. मीटरवर 3200 छापलेलं असेल, तर तो तेवढ्या वेळा लुकलुकल्यावर एक युनिट.

तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "दादा, आता मोबाइलसारखं रिचार्ज मारायचं का?"

"नाही काकू, बिल येईल पहिल्यासारखंच."

उत्तर बरोबर होतं, पण अपुरं. केंद्राच्या 2021 च्या सुधारित वितरण योजनेनुसार महावितरणने राज्यभर सव्वादोन कोटींच्या आसपास स्मार्ट प्रीपेड मीटरची कंत्राटं दिली. नाशिक आणि जळगाव परिमंडळांचे सुमारे 28 लाख 87 हजार मीटर एनसीसी कंपनीच्या वाट्याला आले. विरोध पेटला आणि जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं. आता बसतात ते टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारे स्मार्ट मीटर. प्रीपेडची सोय त्यांच्यात आहे, फक्त वापरात नाही.

ती वापरात यावी असं वीज कंपनीला का वाटतं, हे उधारीच्या हिशेबात दिसतं. आज लावलेल्या पंख्याची वीज कंपनीने आधीच विकत घेतलेली असते. महिना संपल्यावर रीडिंग, मग बिल, मग भरायची मुदत. पैसे हाती येईपर्यंत दीड महिना सहज उलटतो आणि मधल्या काळात कर्ज काढावं लागतं. त्या कर्जाचं व्याज शेवटी आपल्याच दरात येतं. प्रीपेडमध्ये पैसे आधी. थकबाकीसाठी खांबावर चढणारा वायरमन नको, कुलूपबंद घराचं सरासरी बिल नको. शिवाय डीपीवरचा मीटर आणि त्याखालच्या घरांचे मीटर यांची बेरीज जुळवली की कोणत्या गल्लीत वीज मुरते ते कळतं. पण हा फायदा मीटर स्मार्ट असण्याचा आहे, पैसे आधी घेण्याचा नाही. गळती आणि थकबाकीपायी मालेगावचं वितरण 2020 मध्ये खासगी फ्रँचायझीकडे द्यावं लागलं, हे आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण.

ग्राहकाचा सर्वांत रोकडा फायदा मात्र कोणी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापत नाही: सुरक्षा ठेव. महिन्याला बिल येणाऱ्या घराची ठेव साधारण दोन सरासरी बिलांएवढी असते आणि वापर वाढला की उन्हाळ्यात फरकाचं वेगळं बिल येतं. वीज कायदा 2003 च्या कलम 47(5) नुसार प्रीपेड मीटर घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून कंपनीला ठेव मागता येत नाही. भाड्याच्या खोल्या देणाऱ्या घरमालकालाही प्रीपेड सोयीचं. भाडेकरू बिल थकवून गेला, ही कटकटच उरत नाही. आणि रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याकाठी दीड हजार एकदम काढण्यापेक्षा शंभर-शंभर भरणं जमतं.

भीतीही खोटी नाही. थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वी कलम 56 नुसार 15 दिवसांची लेखी नोटीस लागते; प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की मीटरच आतून पुरवठा तोडू शकतो. संध्याकाळी 6 ते सकाळी 10 या वेळेत तसं होणार नाही, असं महावितरणने तेव्हा सांगितलं होतं. ज्या घरात आजारी माणूस मशिनवर आहे, त्यांना दुपारचे उरलेले तास कमी वाटणार नाहीत. म्हणून माझं मत असं की प्रीपेड हवा त्याला मिळावा, नको त्याच्यावर लादू नये. कायद्याच्या त्या कलमातही ग्राहकाची तयारीच गृहीत धरली आहे.

तोवर नव्या मीटरचं घड्याळ तरी वापरा. जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांची सवलत जाहीर झाली. वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप दुपारी लावायला हरकत नाही. मीटर पळतोय अशी शंका आली तर तक्रार करा: 2024 च्या नियमदुरुस्तीनुसार पाच दिवसांत पडताळणीचा दुसरा मीटर बसवून तो किमान तीन महिने ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. आणि मीटर बदलायला माणूस येईल तेव्हा वर बसून राहू नका. जिन्याखाली उभे राहा, जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा आणि नव्याच्या पहिल्या रीडिंगचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्येही काढून ठेवा.