पेशी विभागताना कोणते प्रथिन मोडायचे?

१९८२ साली अमेरिकेतील वुड्स होल येथे टिम हंट यांना सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन दिसले. ते हळूहळू साठत जाई आणि पेशी विभागण्याच्या वेळी एकदम नाहीसे होई. हेच सायक्लिन. ते नाहीसे कसे होते, हा प्रश्न मला त्याच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

पेशीत युबिक्विटिन नावाचे छोटे प्रथिन असते. ज्या प्रथिनाला त्याची साखळी जोडली जाते, त्याचे प्रोटिअसोम हे पेशीतले यंत्र तुकडे करते. विभाजनाच्या वेळी ही साखळी जोडते एपीसी हे मोठे संकुल. निवड होते ती प्रथिनातच असलेल्या खुणेवरून. डी-बॉक्स हा अमिनो आम्लांचा छोटा क्रम ही त्यातली सर्वांत परिचित खूण. पण नुसती खूण पुरत नाही. ती ओळखायला मदत करणारे सीडीसी-२० हे प्रथिन मोकळे असावे लागते. एक जरी गुणसूत्र तर्कूच्या धाग्यांना नीट जोडलेले नसेल, तरी पेशी सीडीसी-२० ला अडवून धरते. हा संयम खरोखर थक्क करणारा आहे. सगळी गुणसूत्रे जोडली गेली की सिक्युरिन हे प्रथिन मोडते, त्याने रोखून धरलेले सेपरेज हे विकर मोकळे होते आणि गुणसूत्रांच्या जुळ्या प्रती विलग होतात. सायक्लिन-बीसुद्धा त्याच सुमारास संपते. मग एपीसीचे दुसरे सहायक प्रथिन सीडीएच-१ सूत्रे हाती घेते आणि सीडीसी-२० लाही मोडीत काढते.