थारला पुढची दहा वर्षं गिऱ्हाईक राहील का? : विषयाचा प्रश्न कसा करायचा

पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की गाईड विचारतात, "विषय कळला, पण प्रश्न काय?" 'भारतातील एसयूव्ही बाजारपेठ : एक अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नाही. म्हणून आज एकच गाडी घेऊ. जळगाव जामोदच्या लग्नसराईत जिच्यासमोर सगळ्यात जास्त फोटो निघतात ती, महिंद्रा थार.

पहिली थार २०१० ची. जुन्या जीपचाच वारसा, मागे समोरासमोर बाकडी. नवी थार १५ ऑगस्ट २०२० ला दाखवली गेली आणि २ ऑक्टोबरला बाजारात आली. पक्कं छत, ऑटोमॅटिक गिअर, मागची सीट पुढे तोंड करून. महिन्याभरात बुकिंग २० हजारांवर. २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स आली, तिला पहिल्या तासातच १ लाख ७६ हजारांवर बुकिंग मिळालं.

इथेच पहिली फसगत होते. बुकिंग म्हणजे विक्री नव्हे, ते रद्दही होतं. बरं, विक्री घ्या म्हटलं तर वेटिंग असलेल्या गाडीची महिन्याची विक्री मागणी दाखवत नाही, नाशिकच्या कारखान्यातून किती गाड्या निघू शकल्या ते दाखवते. शिवाय रॉक्स आल्यापासून बातम्यांत दोन्ही गाड्यांचा आकडा बहुधा एकत्रच येतो. तो सरळ जोडून आलेख काढलात तर जुन्या थारची मागणी वाढल्यासारखी दिसेल, भले ती घटलेली असो.

दीर्घकालीन अंदाजासाठी बहुतेक जण बास मॉडेलकडे जातात. फ्रँक बास यांनी ते १९६९ मध्ये मांडलं. काही लोक स्वतःहून नवी वस्तू घेतात, बाकीचे त्यांचं बघून. या दोन वेगांवरून एकूण किती जण कधीतरी ती घेतील, हे काढायचं. सुंदर आहे, पण दोन अडचणी. विक्रीचं शिखर येण्याआधी ही एकूण संख्या फार डळमळीत निघते. आणि मॉडेल पहिल्या खरेदीचं आहे. दहा वर्षांनी तोच माणूस पुन्हा थार घेईल का, यावर ते गप्प. नाशिकच्या ज्या छोट्या कारखानदाराला सुटे भाग बनवायला कर्ज काढून नवं मशीन घ्यायचंय, त्याला तर नेमकं हेच हवंय.

मग तुलना करा. पाच दारांची मारुती जिम्नी जून २०२३ मध्ये आली. फोर बाय फोर सगळ्या प्रकारांत, डोंगरात चोख, तरी भारतात थारच्या जवळपासही गेली नाही. तीच गुरुग्रामची गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानला गेली, आणि चार दिवसांत ५० हजारांच्या आसपास ऑर्डर येऊन बुकिंग थांबवावं लागलं. गाडी तीच, गिऱ्हाईक वेगळं. म्हणजे 'चांगली ऑफ-रोड गाडी टिकते' हे गृहीतक पुरत नाही.

आता आपल्या प्रश्नावर या : लोक थारमध्ये चार चाकांची ताकद विकत घेतात की रूप? आमच्याकडे सातपुड्यात भिंगाऱ्याच्या वाटेला बोलेरो भागवते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरच बरा. जानेवारी २०२३ मध्ये थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त प्रकारातही आली, हे लक्षात घ्या.

तपासायची संधी सरकारने दिली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्के जीएसटीत गेली. मोठ्या इंजिनाची फोर बाय फोर ४० टक्क्यांत. कर दोघींवरचा उतरला, पण सारखा नाही. रूप तेच, दोन किमतींतलं अंतर बदललं. आधी आणि नंतर दोन्ही प्रकारांचा वाटा बघितला, तर लोक कशाचे पैसे देतात ते बरंचसं कळेल. रूपाचेच निघाले, तर दहा वर्षांचा अंदाज फॅशनच्या वस्तूसारखा बांधावा लागेल, अवजारासारखा नाही. (सणाचे महिने वेगळे काढा, नाहीतर दिवाळीचं श्रेय कराला जाईल.)

डेटाचं म्हणाल तर वाहन पोर्टलच्या डॅशबोर्डवर कंपनी आणि आरटीओनुसार नोंदणी मिळते, मॉडेलनुसार नाही. त्यामुळे प्रकारनिहाय आकडे डीलरकडूनच काढावे लागतील. सिनॉप्सिस देण्याआधी निदान दोन डीलरांचा लेखी होकार घ्या.