चिकित्सालयाची दिनचर्या आणि परिचारकांचे मनोबल

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार, असे एकूण सोळा गुण होत. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता, दाक्ष्य व शौच यांच्याबरोबर अनुरागाचीही गणना आहे. पहिले तीन गुण शिकवता येतात. अनुराग मात्र शिकवून किंवा केवळ वेतन देऊन निर्माण होत नाही. तो वैद्याच्या रोजच्या वागणुकीतून उपजतो. कर्मचाऱ्यांचे मनोबल म्हणतात, त्याचा पाया हाच होय.

हा विषय केवळ सौजन्याचा नाही. उबगलेल्या परिचारकाचे स्वेदनाच्या वेळी क्षणभर दुर्लक्ष झाले, तर रोग्यास दाह, तृष्णा, प्रसंगी मूर्च्छाही संभवते. कामाच्या सततच्या ताणातून येणारा थकवा, कामाविषयीची विरक्ती व घटणारी कार्यक्षमता यांची नोंद जागतिक आरोग्य संघटनेनेही, 2022 पासून लागू झालेल्या आपल्या 11व्या रोगवर्गीकरणात, व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे.

विरार पूर्वेच्या फुलपाड्यासारख्या वस्तीचा विचार करू. येथील अनेक रहिवासी लोकलने मुंबईकडे कामास जातात. साहजिकच लहान चिकित्सालयांत सकाळी घाईची आणि संध्याकाळनंतर मोठी गर्दी होते. घरचे काम आटोपून आलेल्या परिचारिकेवर सर्वाधिक भार पडतो तो दिवसाच्या शेवटी, शरीर व मन दोन्ही थकलेले असताना. अशा ठिकाणी पुढील लहान सवयी उपयुक्त ठरतात.

पूर्वकर्म : संध्याकाळचे रुग्ण येण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी एकत्र यावे. कोणाचे अभ्यंग, कोणाचा बस्ती, कोणते तेल, कोणी काय करावयाचे, हे ठरवावे. कामाची वाटणी स्पष्ट असली की परस्परांवरील दोषारोप टळतात.

वाणीचा संयम : परुष, अतिमात्र, चहाडीचे, असत्य व अकाली बोलणे यांचा वेग धारण करावा, असे चरकाचार्य सांगतात. चूक दाखवावयाची तर ती रुग्णासमोर न दाखवता नंतर एकांतात, मोजक्या शब्दांत दाखवावी. एका कर्मचाऱ्याविषयी दुसऱ्याजवळ बोलू नये. मावशी, ताई, दादा अशा संबोधनाने हाक मारावी.

अधारणीय वेग : रुग्णांना वेगधारण करू नका असे सांगणाऱ्या चिकित्सालयातच परिचारिकेस तहान, भूक व मूत्रवेग रोखून धरावे लागणे शोभत नाही. गर्दीतही आळीपाळीने दहा मिनिटांची मोकळीक ठरवून द्यावी.

समारोप : दिवसाअखेर चांगल्या झालेल्या एखाद्या कामाचा नेमका उल्लेख करावा. ‘छान केलेत’ एवढेच न म्हणता ‘आजींना उठवताना आपण आधी पाठीला आधार दिलात, ते योग्य झाले’ असे म्हणावे. ठरलेल्या वेळी कर्मचाऱ्यांस घरी जाऊ द्यावे.

या चारही सवयी एकाच दिवशी लावण्याचा प्रयत्न करू नये. अहिताचा त्याग व हिताचे सेवन पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाच्या क्रमाने, मध्ये अंतर ठेवून करावे, हा शास्त्राचा आदेश आहे. सवय मनाची असली तरी तोच न्याय लागू पडतो. एक सवय सात्म्य झाली की दुसरी घ्यावी. आरंभ वाणीच्या संयमापासून व स्वतः वैद्यापासून व्हावा.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. वेळेवर वेतन, साप्ताहिक सुटी आणि पुरेसे मनुष्यबळ यांची जागा गोड शब्द घेऊ शकत नाहीत. ते निदानपरिवर्जन आधी व्हावे. मगच या सवयी पथ्यासारख्या गुण देतील. ज्या चिकित्सालयात परिचारक प्रसन्न असतो, तेथे रोग्याच्या अंगावरून फिरणाऱ्या हातातही ती प्रसन्नता उतरते.