डोलकाठी बदलायची की दुरुस्त करायची?

मंडळी, प्रताप नगरहून समुद्र लांब. पण जुनं दुरुस्त करावं की नवं आणावं, हा प्रश्न घरोघरचाच.

गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात मोडली. अभिलाष टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. तिथं कारण वादळ होतं, काठीचं वय नव्हे. पण काठी पडली की काय होतं, ते कळलं ना? म्हणून खालून बघून ठरवू नका, काठी उतरवा.

ॲल्युमिनियमची काठी एकटी उभी नसते, तारा तिला धरून असतात. तारांचे पीळ तुटलेत, खिळे-बोल्ट सैल झालेत, रंग उडालाय? हे बदलता येतं, काठी ठेवा. मात्र स्टीलचे भाग जिथं जोडलेत, तिथं खाऱ्या पाण्यानं ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी दिसते. ती खरवडा. खाली धातू शाबूत असेल तर दुरुस्ती पुरे. पत्रा पातळ झाला असेल, तडा किंवा खोल पोचा असेल, काठी वाकली असेल, तर मोह सोडा. रंगानं तडा झाकतो, भरत नाही.