माउथपीसच्या आकड्यांचा चकवा

बुटाचा क्रमांक दुकानागणिक थोडाफार बदलतो. ट्रॉम्बोनच्या माउथपीसचा क्रम मात्र कंपनी बदलताच उलटा होऊ शकतो. अमेरिकेतील व्हिन्सेंट बाख यांच्या पद्धतीत आकडा जितका लहान, तितका ओठांना टेकणारा कप रुंद. नवशिक्यांना सहसा दिल्या जाणाऱ्या ‘१२सी’चा अंतर्व्यास सुमारे २४.५ मिलिमीटर, तर ‘५जी’चा सुमारे २५.५. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, पण ओठांना तो लगेच जाणवतो. शिकागोच्या शिल्के यांनी नेमकी उलट दिशा धरली. आकडा वाढेल तसा व्यास वाढतो. त्यामुळे त्यांचा ‘५१’ बाखच्या ‘५जी’जवळ येतो! यामाहाचीही हीच रीत. लंडनचे डेनिस विक यांचा क्रम पुन्हा बाखसारखा.

अक्षरांचेही तेच. बाखकडे ‘ए’ म्हणजे खोल कप, शिल्केकडे उथळ. विक यांच्या ‘५एएल’मधील ‘एल’ वाद्यात खोचला जाणारा दांडा, म्हणजे शँक, मोठा असल्याचे सांगतो. बाखच्या ‘६½एएल’मधील ‘एल’वरून मात्र तसे समजू नये, तो लहान-मोठ्या दोन्ही शँकमध्ये मिळतो.

शिवाय कपाची कड गोलसर असल्याने व्यास नेमका कुठे मोजावा, यावर उत्पादकांचे एकमत नाही. तुलनेचे तक्ते म्हणूनच अंदाजापुरते. खरी फसगत होते ती शँकमध्ये. मोठा शँक लहान नळीत शिरतच नाही आणि लहान शँक मोठ्या नळीत डगमगतो. परदेशातून माउथपीस मागवणाऱ्याने आधी आपल्या ट्रॉम्बोनची नळी तपासावी, कपाचा विचार नंतर.