माल शाबूत, तरी वर्गणी कशाची?



साखर परदेशी गेली की भाव काय मिळाला, एवढेच आपण विचारतो. पण जहाजावर चढलेल्या मालाला एक फार जुना कायदा लागतो. दर्यावर्दी व्यापारात त्याला ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. यातल्या ‘अ‍ॅव्हरेज’चा अर्थ इथे सरासरी नाही, तर सामायिक नुकसान.

समजा, ओढ्याला पूर आला. सगळे शिवार बुडणार असे दिसले, म्हणून एकाचा बांध मुद्दाम फोडून पाणी काढून दिले. शिवार वाचले, त्याचा ऊस मात्र गेला. मग वाचलेल्यांनी त्याला भरून द्यायला नको का? गावात यावरून भांडणे होतात, कोर्टकचेऱ्याही होतात. समुद्रावर हे केव्हाच ठरलेले आहे. जहाज हलके करण्यासाठी एकाचा माल पाण्यात टाकला तर ते नुकसान सर्वांनी सोसायचे, हा रोड्स बेटाच्या नावाने चालत आलेला नियम इ. स. ५३३ च्या रोमन कायदेग्रंथात आहे. आज त्यासाठी ‘यॉर्क-अँटवर्प नियम’ वापरतात.

खरी मेख पुढेच आहे. जहाजाच्या कोठारात आग लागली, तर आगीने जळालेली पोती ज्याची त्याची. पण आग विझवायला मारलेल्या पाण्याने जी साखर विरघळली, ती सामायिक खात्यात! वादळात पाणी शिरून भिजलेली पोती पुन्हा ज्याची त्याची; कारण तो अपघात, जाणूनबुजून केलेला त्याग नव्हे.

हिशेब सोपा आहे. जहाज आणि माल मिळून १०० कोटींचे, सामायिक नुकसान ५ कोटींचे, म्हणजे शेकडा ५. ज्याची साखर २ कोटींची, त्याला १० लाख भरावे लागतील, मग त्याचे एकही पोते फुटलेले नसो. जहाजमालकही आपला वाटा उचलतो.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले, ते २९ मार्चला सुटले. मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले. अशा वेळी हमी दिल्याशिवाय माल ताब्यात मिळत नाही. विमा असेल तर विमा कंपनी हमी लिहून देते. नसेल त्याने रोख अनामत भरायची.

आता आपला संबंध. व्यापाऱ्याला कारखान्याच्या दारातच साखर विकली, तर ही जोखीम त्याची. ‘एफओबी’ सौद्यात साखर जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपली, पुढे घेणाऱ्याची. ‘सीआयएफ’मध्येही जोखीम तिथेच बदलते, पण भाडे आणि विमा विकणाऱ्याकडे. घोळ होतो तो घेणाऱ्याने पैसे भरून कागदपत्रे सोडवली नाहीत तर. मग साखर आपल्या गळ्यात आणि वर्गणीचा तगादाही आपल्याच मागे! त्यासाठी विकणाऱ्याच्या हिताचा वेगळा विमा उतरवता येतो.

निर्यातीचा विषय वार्षिक सभेत निघाला की भावाबरोबर हेही विचारा: सौदा कोणत्या अटीवर झाला, आणि विमा कुणाच्या नावावर आहे?